बी दाबलेली वाईन

बियरच्या ग्लासाच्या काठाला मीठ लावतात, तळाशी लिंबू पिळतात आणि मग वरून बियर ओततात, हे मला लेबनॉनला गेल्यावर कळलं. तोवर मी बियर प्यायलेच नव्हते. सैन्यात नर्सिंग ऑफिसर म्हणून इतकी वर्षं काढली, मेसमधल्या कितीतरी पार्ट्या पाहिल्या, पण हातात कायम लिंबू सरबत. आमच्या दिंडोरीकडच्या गावात बायका दारूच्या दुकानासमोरून जातानासुद्धा रस्ता बदलतात. खांद्यावर तारे आले तरी अंगातलं ते गाव काही गेलं नव्हतं.

शांतिसेनेत आपली एक पलटण दक्षिण लेबनॉनमध्ये होती आणि तिच्यासोबत आमचं छोटं हॉस्पिटल. एका उघड्या, दगडी डोंगरावर. जवानांचे ताप, मुरगळलेले पाय, दाढा. शिवाय आसपासच्या गावांतले लोक यायचे. म्हाताऱ्या बायका गुडघे घेऊन आणि म्हातारे साखर घेऊन. आमच्याकडे दुभाषी म्हणून तिथलीच एक बाई होती, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. आमचं पटायला एक दिवस पुरला. एका रविवारी रीतसर परवानगी काढून ती मला गावातल्या खाणावळीत घेऊन गेली आणि समोर ती मीठ लावलेली बियर ठेवली.

जिरा सोड्यात शिळी भाकरी भिजवून ठेवावी, तशी लागली. लिंबू-मिठामुळे निम्मी गेली, निम्मी तिनंच संपवली.

त्या संध्याकाळी आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील. लपवाछपवी मला जमत नाही. म्हटलं, "आप्पा, मी आज बियर प्यायले." मी मनात म्हटलं, झालं, आता उद्धार. या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. भावकीच्या लग्नात कोणी पिऊन आला, तर हे ताटावरून उठायचे.

"कशी हाय?" आप्पांनी विचारलं.

"घाण."

"मग सोड ती. तिकडं द्राक्षं हायेत का?"

इथं आप्पांची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची द्राक्षबाग. आधी खायची द्राक्षं होती. मग गावाच्या खालच्या अंगाला वाइनरी झाली आणि आप्पांनी खालचा प्लॉट उपटून तिथं वाईनची द्राक्षं लावली. काळी, बारीक, नुसती साल आणि बी. गाव हसलं. म्हणाले, याला चिमणीसुद्धा खायची नाही. पण आप्पांनी ती बाग लेकरासारखी वाढवली. दर हंगामात क्रेट भरायचे, ट्रॅक्टर वाइनरीच्या फाटकात जायचा, काट्यावर माल उतरायचा की आप्पा परत. आत चव घ्यायची खोली आहे. तिथं पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार येऊन गॉगल लावून बसतात. आप्पांनी इतक्या वर्षांत त्या खोलीची पायरी चढली नाही. "मी काय दारुडा हाय का?" हे उत्तर ठरलेलं.

पण त्यांना जाणून घ्यायचं होतं. फार आतून जाणून घ्यायचं होतं. आपल्या द्राक्षाचं शेवटी होतं काय, ती चांगली निघाली की नुसतीच पाणचट, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही. कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात कोणीतरी म्हणालं होतं, वाईनला ज्या-त्या मातीची चव लागते. ते त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. मला फोनवर विचारायचे, "आपल्या मातीची लागत असंल का गं?" मी म्हणायचे, एकदा आत जा आणि पिऊन बघा. ते म्हणायचे, "छ्या!"

आणि आता घरातली एक व्यक्ती पिणारी निघाली म्हटल्यावर त्यांना फावलं. "तू पीत जा थोडी थोडी," म्हणाले. "आन मला सांगत जा." वर आवाज खाली करून, "आईला नको सांगू."

मग काय, मी बापाच्या हुकमानं वाईन पिऊ लागले. दुभाषी बाई घराघरांत न्यायची. तिकडे ख्रिस्ती वस्तीच्या गावांत लोक घरीच वाईन करतात, जशी आपल्याकडे घरोघरी लोणची. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून फडताळात ठेवतात. एका घरची अशी आंबट की दात आंबले. दुसऱ्या घरची गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधाची बहीण. एकदा पाणी घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी त्यांची कडक दारू पुढे आली. मी वास घेतला, बडीशेप! एक घोट घेतला आणि तिथंच ठसका लागला. हे सांगितल्यावर आप्पा फोनवर इतके हसले की आई विचारायला आली.

मी त्यांना सगळं सांगायचे आणि ते वकिलासारखे उलटतपासणी घ्यायचे. साल जाड का पातळ? पाणी कुठून देतात? माती कसली?

त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला शेवटी एक म्हातारा सापडला. पायाला साखरेची जखम घेऊन यायचा. टाचेपाशी अशी सडलेली की पहिल्या दिवशी मलाच वाटलं, पाय जाणार. रोज ड्रेसिंग केलं, रोज त्याला रागावले, आणि पाय वाचला. त्याचा एकमेव मळा आमच्या डोंगराच्या उतारावरच होता. पाय बरा झाल्यावर त्यानं आम्हाला घरी बोलावलं आणि स्वतःच्या हातची वाईन दिली.

ही मात्र निराळी होती. तोंडात गेली आणि मला एकदम पावसाळ्याआधी आमच्या बांधावर ट्रॅक्टर फिरल्यावर उडते ती धूळ आठवली. जिभेवर तुरट, घशाला कोरडी. मी तिथूनच फोन लावला. "आप्पा, लागते! मातीची चव लागते!"

आप्पांनी लगेच विचारलं, वेली कशा बांधल्यात, छाटणी कधी?

म्हाताऱ्याच्या वेलींना ना तार, ना मांडव, ना ठिबक. दगडांतून नुसती गुडघाभर खुंटं उभी. छाटणी वर्षाला एकदाच, थंडीत. आप्पा म्हणाले, "एकच छाटणी? सुखी हाय म्हातारा." आमच्याकडे दोनदा. एप्रिलची आणि ऑक्टोबरची. म्हाताऱ्यानं विचारलं, दोनदा कशाला? मी दुभाषी बाईमार्फत सांगितलं की आमच्या मुलखात बर्फ पडत नाही, वेल नीट झोपतच नाही, त्यामुळे नीट जागीही होत नाही. म्हणून ऑक्टोबरात छाटलं की एक-दोन दिवसांत प्रत्येक डोळ्याला, म्हणजे काडीवरच्या अंकुराला, औषध पुसावं लागतं. आमच्याकडे त्याला पेस्ट म्हणतात. त्यात लाल रंग कालवतात, म्हणजे कुठला डोळा पुसला आणि कुठला राहिला ते दिसतं. सगळे डोळे मग एकदम फुटतात. पण औषध जहरी. हातमोजे घालायचे, आणि ज्यानं पेस्ट लावली त्यानं आठवडाभर दारूला शिवायचं नाही. शिवला तर अंग लाल होतं, छाती फुटायला येते, माणूस आडवा होतो. हा नियम नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. आप्पा तर दरवर्षी छाटणीला मजुरांना उभं करून ओरडून सांगायचे, "पेस्टवाल्यांनी बाटली बघायचीबी नाय!"

म्हाताऱ्याला हे तीनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "मग तुझा बाप पितो कधी?"

"पीतच नाही. कधीच नाही."

म्हातारा इतका कष्टी झाला की मला हसू आलं. वाईनची द्राक्षं लावतो आणि वाईन चाखलेली नाही? बायकोशी काहीतरी बोलला. उठला. आतून एक काचेची बाटली आणली, बूच मेणानं बंद केलेली. दुभाषी बाईनं सांगितलं, "तो म्हणतो, ही शेतकऱ्याकडून शेतकऱ्याला. दारू म्हणून देऊ नकोस, माझं पीक म्हणून दे."

त्याच सुमारास तिकडे वातावरण फिरलं. डोक्यावर दिवसभर ड्रोनची घरघर. समोरचे उतार जळून काळे पडायचे, ऑलिव्हच्या झाडांसकट. आम्ही पेशंट घेऊन बंकरमध्ये जायचो आणि तिथंच सलाईन लावायचो. गावं रिकामी व्हायला लागली. म्हातारा हलेना. म्हणाला, द्राक्षं उतरवल्याशिवाय जात नाही. मला रजा मिळाली तेव्हा मी ती बाटली तीन टॉवेलांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवली. विमानात माझं सगळं लक्ष त्या बॅगेकडे.

घरी पोचले ती खंडेनवमीला. आप्पा वाळले होते. आदल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवली होती. डॉक्टरांनी बागेत राबायला, फवारणीला, औषधाला साफ मनाई केली होती, आणि मीही लेबनॉनवरून रोज तंबी देत होते. "बागेत पाय टाकलात तर बघा!" ते म्हणायचे, "नाय गं बाई, खुर्चीत बसून असतो."

बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, उलटी केली, तळाचा गाळ पाहिला. मेणाचा वास घेतला. आई म्हणाली, "सणासुदीची ती बाटली घरात नको." आप्पा म्हणाले, "अगं, वाईन म्हणजे काय दारू हाय का? द्राक्षाचा रस हाय." तेव्हा टीव्हीवर कोणी ना कोणी हेच सांगत असायचं, वाईन म्हणजे दारू नव्हे. आमच्याकडे ते वाक्य थट्टेचं होऊन बसलं होतं. मी म्हटलं, उद्या सोनं वाटून आलो की सगळे बसू, एकेक घोट घेऊ, आईसुद्धा. आई म्हणाली, "मेले तरी नाय."

दसऱ्याच्या सकाळी मी उशिरा उठले. प्रवासानं अंग मोडून आलं होतं. माझा धाकटा भाऊ पहाटेच टोमॅटो घेऊन मार्केटला गेला होता. जेवायला बसलो तेव्हा आप्पांच्या नखांत लाल रंग दिसला. म्हटलं, हे काय? "ट्रॅक्टरची पूजा केली की सकाळी," आप्पा म्हणाले. "कुंकू हाय." ट्रॅक्टर अंगणातच होता, हार घातलेला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मी आमटीत भाकरी चुरली.

संध्याकाळी आई आणि मी आपट्याची पानं घेऊन घरोघर निघालो. आप्पा म्हणाले, मी दमलो, तुम्ही या जाऊन. गावात मी बऱ्याच दिवसांनी दिसले म्हणून प्रत्येक ओट्यावर बसवून घेत होते. वेशीजवळच्या घरी आम्ही होतो, तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, लवकर ये. आप्पांना कसंतरी होतंय."

मी धावले. आप्पा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. चेहरा, मान, छाती सगळं लालभडक, गेरू फासल्यासारखं. डोळे लाल. श्वास उथळ, जोरजोरात. पुढ्यात ओकारी. तिला आंबूस वास, आणि तो वास मी ओळखला. शेजारी स्टीलचा पेला. बाटली उघडी, पाव भाग रिकामी.

नाडी धरली. धावत होती, पण हाताला लागेना अशी बारीक. तेवढ्यात त्यांचा हात माझ्या हातात आला आणि मला नखं पुन्हा दिसली. मी एक नख अंगठ्यानं घासलं. कुंकू निघालं असतं, हा रंग निघाला नाही.

"आप्पा, पेस्ट केली?"

त्यांनी मान हलवली. हो.

मागून आई धापा टाकत आली होती. ती दारातच रडायला लागली. "त्यांनी मला शपथ घातली गं. पोरीला सांगू नको म्हणाले. मजूर सणाला डोंगराकडं आपापल्या घरी गेले, प्लॉट परवा छाटलेला, पेस्ट राहिली तर डोळे मागंपुढं फुटतील म्हणाले. पहाटे एकटेच गेले. हातमोजे फाटके होते."

असं झालं ते. आईला पेस्ट माहीत होती, पण ते आमच्या माघारी बाटली उघडतील हे माहीत नव्हतं. भावानं बाटली उघडली, ओतून दिली, पण पहाटे तो मार्केटला होता, त्याला पेस्ट माहीत नव्हती. मला बाटली माहीत होती, पेस्ट नाही. दोन्ही माहीत असलेला घरात एकच माणूस होता आणि तो माझ्या मांडीवर डोकं टेकून श्वासासाठी धडपडत होता. त्यांनी आम्हा दोघींची पाठ वळायची वाट पाहिली. आई असती तर तिनं पेला हातातून हिसकावला असता, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच आधी आम्हाला जाऊ दिलं.

त्यांचे पाय उशीवर उचलले, आडवं केलं. यावर उतारा नाही, हे मला माहीत होतं. सलाईन, ऑक्सिजन, आणि हृदयानं तग धरायचा. धडधाकट मजूर असता तर दोन-तीन तास तळमळला असता आणि उद्या उठून बसला असता. आप्पांचं हृदय धडधाकट नव्हतं. भावानं गाडी काढली. दिंडोरीत सरकारी दवाखान्यात सलाईन लावली, तिथून म्हणाले नाशिकला न्या. रस्ता सणाचा. टोमॅटोच्या पिकअप, झेंडूच्या माळा लावलेल्या मोटारसायकली, देवीच्या मिरवणुका. मी मागे बसून सलाईनची बाटली वर धरून होते. भाऊ हॉर्न दाबून दाबून रडत होता. शिव्या देत होता, कोणाला कोण जाणे.

वाटेत एकदा आप्पांनी डोळे उघडले. काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी म्हटलं, बोलू नका, गप पडा. बापाशी माझं शेवटचं बोलणं हे.

नाशिकच्या हॉस्पिटलात ते तासाभरात गेले. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "दारूची सवय किती वर्षांपासून?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. खरंच गेले. भावानं धरलं. त्या पोराची काय चूक? वास येत होता, विचारावं लागतं, मीसुद्धा शंभर पेशंटना विचारलेलं आहे. पण मला त्याचं पेन मोडावंसं वाटत होतं.

आणि गावाला काय, तोंडाला झाकण थोडंच असतं! दहाव्याला नदीवर लोक कुजबुजत होते. "पीत होते होय? कधी कळलंच नाय." "पोरगी फौजेतली, बाहेरची आणून देत असंल." ज्या माणसानं पिणाऱ्याच्या पंगतीला ताट सोडलं, त्याच्या नावाला दारू चिकटली. मी एकेकाला धरून पेस्टचं सांगत होते. लोक मान हलवायचे, हो हो म्हणायचे. पेस्ट त्यांनाही माहीत होती. पण गावाला दारूचीच गोष्ट जास्त आवडली. अजून राग येतो मला. गावाचा येतो, भावाचा येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आप्पांचा येतो. एवढं समजणारा माणूस! जन्मभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलं आणि स्वतःच्या वेळेला टीव्हीवरच्या वाक्यावर भागवलं.

मग एकदा भाऊ आपण होऊन म्हणाला, "ताई, पहिला घोट घेतल्यावर काय म्हणाले सांगू? तोंडात फिरवला. डोळे मिटले. मग म्हणाले, तुरट हाय. म्हाताऱ्यानं बी दाबलंय. साल दाबावी, बी फुटू देऊ नाय. आणि मग म्हणाले, पण माती लागती रे."

त्यांचा आयुष्यातला पहिला घोट होता तो.

रजा संपली, मी परत गेले. हॉस्पिटल होतं, डोंगर होता, उतारावरचा मळा अर्धा जळलेला. म्हाताऱ्याला त्याच्या मुलीनं उत्तरेकडे नेलं होतं. दुभाषी बाईच्या मोबाईलवर त्याचा आवाज आला होता, ती मला ऐकवायला घेऊन आली. "तो विचारतोय, तुझ्या वडिलांनी घेतली का? कशी वाटली?"

मी म्हटलं, "सांग, म्हणाले तुरट आहे, बी दाबलंय. पण माती लागते."

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. आधी नुसतं हसणं, खोकल्यापर्यंत जाणारं. मग म्हणाला, "बरोबर ओळखलं! माझा दाबायचा घाणा जुना झालाय, बी फोडतो. त्याला सांग, परत मळ्यात गेलो की पुढच्या वर्षी हलक्या हातानं दाबीन. आणि पुन्हा पाठवीन." मी तिला म्हटलं, सांग, वाट बघतो म्हणाले. आप्पा गेले हे त्या म्हाताऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

वर्षानंतर मी घरी होते. त्या ऑक्टोबरची पेस्ट भावानं सगळी मजुरांकडून करून घेतली होती, नवे हातमोजे आणून. ती होऊनही महिना उलटला होता. एका दुपारी आई भांडी घासता घासता म्हणाली, "मला त्या खोलीत ने."

"कुठल्या?"

"वाइनरीच्या. जिथं पितात."

मी गाडीची किल्ली घेतली. तिनं धुवट सुती पातळ नेसलं, केस चापून बसवले. फाटकावरच्या रखवालदारानं तिला ओळखलं, क्रेट उतरवायला येणारी म्हणून. "मावशी, माल नाय ना आता?" म्हणाला. आई म्हणाली, "माल नाय. प्यायला आलीये." तो हसला, मग तिचा चेहरा बघून त्यानं फाटक उघडलं.

आत थंडगार. काळा एप्रन घातलेल्या एका पोरीनं आमच्यापुढे चार ग्लास मांडले, प्रत्येकात घोट-दोन घोट. हिच्यात चेरी लागेल, हिच्यात व्हॅनिला, हिच्यात जरा चॉकलेट. आईनं ते सगळं शाळेतल्या पोरीसारखं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यातली आमची कंची?"

पोरीला कळेना. मी सांगितलं, आमचा प्लॉट खालच्या रस्त्याला आहे, काळी द्राक्षं, दरवर्षी इथंच येतात. या चार ग्लासांतली आमच्या मालाची कोणती?

"अच्छा!" पोरगी गोड हसली. "मॅडम, तसं नसतं. दिंडोरी, निफाड, सगळीकडच्या शेतकऱ्यांचा माल येतो ना, तो एकाच टाकीत जातो. मिक्स होतो. कुणाची कुठली, ते नाही सांगता येत."

आईनं कडेचा ग्लास उचलला. दोन्ही हातांनी धरला, औषधासारखा. एक घोट घेतला, तोंडात ठेवला, आणि गिळताना तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, तिला ठसका लागणार.

"म्हणजे," ती म्हणाली, "इथं येऊन बसले असते, तरीबी त्यांना कळलं नसतं."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. आईनं ग्लास होता तिथंच परत ठेवला, पदरानं ओठ पुसले, आणि म्हणाली, "चल. तुझा भाऊ जेवायचा राहिलाय."